तळाचा बोल्ट

रविवार हा विश्रांतीचा वार आहे असं ज्या कुणी ठरवलं, त्याच्या घरी मोटारसायकल नसावी, आणि असलीच तर ती दुरुस्त करणारा बाप तरी नसावा. ताईच्या घरी दोन्ही होतं. आठवडाभर ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये उभी असायची. लोकांचे दंड बांधायचे, शीर शोधायची, "मूठ आवळा, आता सोडा" म्हणायचं, बाटलीवर चिठ्ठी डकवायची आणि पुढच्याला हाक मारायची. संध्याकाळी पाय असे भरून आलेले असत की चपला काढायलासुद्धा तिला वाकवत नसे. आणि रविवारी सकाळी डोळे धड उघडले नाहीत तोच गॅरेजचं शटर साऱ्या गल्लीला उठवत वर जायचं.

"ताई, गाडी काढलीय गं! उठलीस का?"

ताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. धाकट्या भावाने ते लावलं आणि मग आईवडिलांनीही तेच उचललं. भाऊ आता दूर दुसऱ्या शहरात होता, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि घरात बाप-लेक दोघंच उरली होती. बाबांना गल्लीत सगळे मिस्त्री म्हणत. बसच्या डेपोत त्यांचा जन्म गेला. इंजिनाची घरघर ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर एवढ्या मोठ्या मिस्त्रीच्या वाट्याला एकच रोगी उरला, ताई कामावर नेते ती जुनी मोटारसायकल. ती जरा शिंकली की बाबा तिला उघडून बसत, आणि नाही शिंकली तर का शिंकली नाही म्हणून उघडून बसत.

गॅरेज म्हणजे घराला टेकून उभी केलेली पत्र्याची एक खोली. भिंतीवर खिळ्यांना पाने लटकवलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. जमीन ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली. बाबा तिथे गोणपाट टाकून गाडीखाली आडवे होत आणि ताईने शेजारी बसून मागितलेलं हातात द्यायचं. चहा तिथेच, पेपर तिथेच, आणि तिचा रविवारही तिथेच.

हे सगळं तिने हसत सोसलं असतं. पण गेल्या वर्षापासून बाबा विसरायला लागले होते. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणं आपण सगळेच करतो. बाबा पंधरा दिवसांपूर्वी घातलेलं ऑइल पुन्हा बदलायला काढत. खालच्या ट्रेमध्ये स्वच्छ, मधाच्या रंगाचं ऑइल पडायचं आणि बाबा म्हणायचे, "बरं झालं आजच बघितलं." ताई गप्प बसून नवा डबा उघडून द्यायची. डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम राहू द्या, तोवर माणूस तग धरून राहतो. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, तू ती गाडी विकून टाक आणि गॅरेजला कुलूप घाल. काहीतरी होऊन बसेल." दुरून डोंगर साजरे दिसतात तसे दुरून उपायही सोपे दिसतात. कुलूप घातल्यावर बाबांनी दिवसभर करायचं काय, हे मात्र तो सांगत नसे.

आणि तसं काहीतरी होऊन बसलंच होतं. एका सोमवारी वळणावर गाडीचं मागचं अंग डुललं. ताईने बाजूला घेऊन बघितलं, तर मागच्या चाकाचा नट बोटांनी फिरत होता. बाबांनी तो नुसता हाताने लावून ठेवला होता आणि पाना लावायचा विसरले होते. फूटपाथवर बसून तिने गाडीतल्या पान्याने नट आवळला, लॅबमध्ये उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्ली आणि घरी आल्यावर तोंडातून ब्र काढला नाही. भावाला सांगितलं असतं तर त्याच दिवशी कुलूप आलं असतं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच घातलं असतं.

मग तिने आपला एक मार्ग काढला. काम संपलं की बाबा हातांचं काळं घालवायला आंघोळीला जात, आणि त्यांची आंघोळ म्हणजे निवांत कारभार. पाण्याचा आवाज सुरू झाला की ताई गॅरेजमध्ये जायची. चाकाचे नट, ब्रेकचे बोल्ट, इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायला असतो तो बोल्ट, एकेकाला पाना लावायचा आणि जोर काढून आवळायचा. बाबांच्या हाताला नट किती कसायचा ते आपोआप कळायचं. तिच्या हातात फक्त भीती होती, आणि भीती काही मापाने पाना फिरवत नाही. पाना जागचा हलेनासा झाला की तिला बरं वाटायचं. त्यावर आणखी एकदा दाबायची, मनाच्या समाधानासाठी. मग हात पुसून स्वयंपाकघरात, जशी काही तिथून हललीच नव्हती.

असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. ताई दमून गेली होती. कामाने माणूस दमतो ते झोपेने उतरतं. हे लपवून करायचं काम झोपेनेही उतरत नव्हतं. बाबांनी शटर उघडलं की तिच्या मनात यायचं, एकदाचं संपू दे हे. आणि मग असं मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

त्या रविवारी पुन्हा ऑइल निघालं, पुन्हा मधाच्या रंगाचं. बाबा गोणपाटावर आडवे होते, ताईने त्यांच्या हातात बोल्ट आणि पाना दिला. थोडा वेळ पान्याची कटकट ऐकू आली. मग ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली आणि बराच वेळ चालली, नको इतका वेळ.

"फिरतोच आहे," बाबा खालून म्हणाले.

ते बाहेर सरकले, उठून बसले आणि तळहात पुढे केला. बोल्टच्या आट्यांमध्ये पांढऱ्या धातूची बारीक तार गुंडाळली गेली होती. ती इंजिनाच्या तळाची होती. बोल्टचं लोखंड कडक, तळाचा धातू मऊ. फार पिळलं की तळातले आटे सोलून निघतात आणि मग बोल्ट नुसता गरगरत राहतो, कशालाच धरत नाही.

"आटे गेले," बाबा म्हणाले.

"होतं असं कधी कधी."

"माझ्या हातून नाही होत." ते बोल्टकडेच बघत होते. "डेपोत कुणी आटे घालवले की मी त्याला गाडीला हात लावू देत नसे. म्हणायचो, ज्याच्या हाताला कुठे थांबायचं ते कळत नाही तो मिस्त्री नव्हे, तो पैलवान. डोक्याचं जाऊ दे गं. डोक्याचे आटे ढिले झालेत ते मला कळतंय. मला वाटलं होतं हात तरी शाबूत आहेत."

बाबांनी फडकं घेऊन पाने पुसले. एकेक करून खिळ्यांना लावले. गडबड नाही, संताप नाही. शटर अर्ध्यावर ओढलं, खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"धाकट्याला फोन कर. म्हणावं, गाडी विकतोय. फोनवर काय सांगतो ते मला ऐकू येतं, त्याचंच बरोबर होतं."

आणि ते आत जाऊन खोलीतल्या खुर्चीवर बसले. आंघोळही केली नाही.

ताईने स्वयंपाकघरात चहा टाकला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला सुटल्यासारखंच वाटलं. भांडण नाही, रडारड नाही, मागितलं नव्हतं ते आयतं हातात पडलं होतं. पुढच्या रविवारी ती दहापर्यंत झोपणार होती. चाकाचा नट नाही, चोरून गॅरेजमध्ये जाणं नाही. त्यासाठी तिला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर तिला वर्षाची सवय होती. चहा उकळून वर आला, तिने गॅस बंद केला आणि दारातून आत बघितलं.

बाबा बसले होते तसेच बसले होते. दोन्ही हात मांडीवर पालथे. ते स्वतःच्या हातांकडे असे बघत होते जसे काही कुणी परकी वस्तू सांभाळायला दिली आहे आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना समजत नाही.

ताईला ते बघवलं नाही. कप ठेवून ती समोर पलंगाच्या कडेवर बसली.

"बाबा, आटे तुमच्यामुळे नाही गेले."

"मग काय उंदरांनी खाल्ले?"

"मी घालवले."

बाबांनी मान वर केली.

"तुम्ही आंघोळीला गेलात की मी गॅरेजमध्ये जायचे. तुम्ही कसलेलं सगळं पुन्हा कसायचे. दर वेळी. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून."

"का?"

या 'का'चं उत्तर तिने वर्षभर गिळलं होतं. आता ते गिळायचंही त्राण नव्हतं. "मागच्या चाकाचा नट राहिला होता एकदा. हाताने फिरत होता. मी वळणावर होते."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती घाबरली, उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "पडलीस?"

"नाही."

"लागलं कुठे?"

"नाही हो बाबा. पडलेच नाही तर लागेल कसं?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही गॅरेज बंद केलं असतं."

"केलंच असतं!" बाबा गरजले. मग आवाज खाली आला. त्यांनी कप उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला. "ताई, दुपारी तू जरा पडतेस ना, तेव्हा मी जायचो."

"कुठे?"

"गॅरेजमध्ये. जेवण झालं की मला आठवायचंच नाही. कसला की नाही, कसला की नाही, डोक्यात तेच. तू उद्या त्या गाडीवरून जाणार. मग जाऊन एकदा पाना लावून यायचो. म्हणजे झोप तरी लागेल."

"एकदाच ना? मी कसल्यावर आणखी एकदा?"

"तेच तर आठवत नाही ना गं मला!"

आधी ताईला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला, पण ते आवरेना. बाबा रागाने बघत होते, मग त्यांचीही मिशी हलली. त्या बिचाऱ्या बोल्टला एक जण कसत होता, दुसरी पिळत होती आणि पहिला येऊन पुन्हा पिळत होता. लोखंडाचा होता म्हणून एवढे दिवस टिकला. हसता हसता ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं आहे की कशाचं, हे तिने शोधलं नाही. तेवढी ताकदच नव्हती.

"डेपोत बरं होतं," बाबा डोळे पुसत म्हणाले. "तिथे दोघं असायचे. कसणारा मोठ्याने सांगायचा, 'कसला!' आणि बघणारा सांगायचा, 'कसला!' तेव्हा कुठे पुढचा नट. एक नवा पोरगा आला होता, तो दर वेळी विचारायचा, 'काय कसला?' त्याला समजावता समजावता आमची पुरेवाट झाली."

"मग चला," ताई म्हणाली. "हात तुमचा, लक्ष माझं."

"गाडी विकायची ठरलीय."

"तळात ऑइल ठरत नाही अशी गाडी घेणार कोण?"

हे बाबांना पटलं. निदान पटल्यासारखं त्यांनी दाखवलं. शटर पुन्हा ओरडत वर गेलं. बाबांनी पेटीतून आटे पाडायचं हत्यार काढलं, त्याला ग्रीस फासलं आणि तळाच्या भोकात हळूहळू फिरवलं. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. निघालेला कीस ग्रीसला चिकटून बाहेर येत होता. त्या हाताला कुठे थांबायचं ते अजून पक्कं माहीत होतं. ताई गुडघ्यांवर बसून वाकून बघत होती, तिची कंबर दुखत होती, आणि गेल्या वर्षात पहिल्यांदाच ती समोर बसून उघड उघड बघत होती. भोक धुऊन झाल्यावर बाबांनी डब्यातून जरा जाड बोल्ट निवडला, बोटांनी लावला, मग पाना लावला. एकदा दाबलं आणि हात काढून घेतला.

"कसला," ते म्हणाले.

"कसला," ताई म्हणाली.

मग नवं ऑइल ओतून बाबा आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला तशी ताई सवयीने उठली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरली. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून तिने दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकले. गॅरेज उघडंच होतं. तिथून गाडी दिसत होती. पाय ठणकत होते.

"ताई! तळाचा बोल्ट कसला का गं मी?"

"कसलात, बाबा!"

तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला.

"ताई, तो बोल्ट..."

"कसलात! मी बघितला!"

तिसऱ्यांदा हाक आली की नाही ते तिला कळलंच नाही. डोळा उघडला तेव्हा ऊन भिंतीवरून निम्मं खाली उतरलं होतं. समोरच्या खुर्चीवरचे तिचे पाय कुणीतरी अलगद एका बाजूला सरकवले होते आणि उरलेल्या जागेत बाबा अवघडून बसले होते. केस वाळून उभे राहिले होते.

"केव्हापासून बसलात? उठवायचं की मला."

"दमली होतीस," बाबा म्हणाले. गॅरेजकडे त्यांनी मुद्दाम पाठ केली होती. "मी तो कसला होता ना?"

"कसलात, बाबा."

"मग झालं," ते म्हणाले आणि कंगवा शोधायला आत गेले.