नोनीच्या धुनेचा तिसरा फेर

मी एक जुनी, काळी, काठाला टवका उडालेली तबकडी आहे. मित्रांनो, माझ्यावर गाणे नाही. माझ्यावर फिडल आहे, म्हणजे आपले व्हायोलिनच. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याचा मार्टिन मॅरिनन पोटासाठी न्यूयॉर्कला जाऊन बोगदे खणत असे. त्याने वाजवलेली नाचाची एक धून माझ्या अंगावर कोरलेली आहे.

ती कोरली गेली तेव्हा मी नुसते मेण होते. मार्टिन कामाच्याच बुटांनी आला होता. "पाय आपटू नकोस," असे तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी बजावले आणि त्याच्या पायाखाली उशी ठेवली. तरीही ताल त्याच्या पायातून आलाच. मी तोही टिपून घेतला. धुनेचे फेर तीन होते, प्रत्येकाची चाल वेगळी. दुसरा संपत आला आणि साहेबांनी हात हलवला. मेणावरची जागा भरली होती. मार्टिनने घाईघाईने धून आटोपली.

"नाव काय हिचं?" साहेबांनी विचारले.

"नाव नाही, साहेब. माझ्या बहिणीची आहे. नोनीनं बांधलीय."

"तुझ्या बहिणीला कोण ओळखतं? दुकानात नाव लागतं."

मग मेणाची प्रत निघाली आणि प्रतींच्या प्रती निघाल्या. सगळ्यांच्या पोटावरच्या कागदावर छापले गेले, 'बंदरावरचा निरोप'. नोनीचे नाव कुठेच नव्हते.

मार्टिनने घरी पाठवलेल्या शर्टांच्या घडीत बसून नाताळाला मी क्लूनीनला, मार्टिनच्या घरी पोहोचले. शेजारून ग्रामोफोन आणला गेला. सुई टेकताच त्याची आई ओरडली, "हा ऐका, हा त्याचा पाय!" नोनी खोखो हसली. "मेल्यानं माझा शेवटचा फेर गिळला की गं, आई!" त्या घरात माझे फार लाड झाले. पुढे बोगद्यात दरड कोसळून मार्टिन तिकडेच गेला. मग दर रविवारी त्याची आई ग्रामोफोनच्या लाकडावर तळवा ठेवून बसे. तिला फिडल ऐकायची नसे. मुलाचा पाय हवा असे.

माझ्या बहिणी मात्र गावोगाव फिरत होत्या. वादक आमच्यावरून ती धून शिकले. कुणीतरी ती उतरवून एका संग्रहात छापली. त्या संग्रहावरून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यात. दरवेळी फेर दोनच, आणि खाली 'कर्ता अज्ञात'.

एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत नोनीने आपल्या कॉन्सर्टिनावर, त्या दोन हातांत धरायच्या भात्याच्या छोट्या पेटीवर, तिन्ही फेर वाजवले. परीक्षक हसून म्हणाले, "बाई, हात गोड आहे तुमचा. पण शेवटी हे शेपूट कुठून जोडलंत? पुस्तकात नाही ते."

घरी येऊन नोनीने पेटी कपाटावर चढवली आणि मला कपाटामागे सरकवले. "माझीच आहे म्हटलं असतं, तर आणखी हसले असते," एवढेच ती आईला म्हणाली.

मग आई गेली. नोनीचे लग्न झाले, मुले झाली, पांगली. मधल्या काळात मला बाहेर काढून माझ्यावर गरम किटली ठेवली गेली. मित्रांनो, लाखेच्या अंगाला ते किती झोंबते, काय सांगू!

नोनीचे केस पांढरे झाल्यावर एक दिवस एनिस गावाहून डेर्व्हला किलीन आली. ती संगीत शिकवायची. ही धून आली कुठून, या प्रश्नाने तिचा पिच्छा पुरवला होता. पाइप नावाचे वाद्य वाजवणाऱ्या एकाच्या ध्वनिमुद्रणावरून ती छापील संग्रहाकडे गेली, तिथून त्याहून जुन्या संग्रहाकडे. सगळ्यात जुन्या पानाखाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'तबकडीवरून'. तबकडीवर मार्टिनचे नाव होते. मॅरिनन कुठले, हे विचारत विचारत ती नोनीच्या दारात उभी राहिली.

"मिसेस टाल्टी, मला जरा–"

"नोनी म्हण. मिसेस टाल्टी म्हणजे माझी सासू, आणि ती मला आवडायची नाही. बस. चहा घेशील ना?"

डेर्व्हलाने किटलीखालून मला हळूच काढले, पुसले आणि सोबत आणलेल्या ग्रामोफोनवर लावले. दोन फेर झाले. सुई उचलून ती म्हणाली, "सगळीकडे इथेच संपते. पण मला ती संपल्यासारखी वाटत नाही. जिना चढून गेलं आणि वर दारच नाही, असं होतं."

नोनीने कप खाली ठेवला. मग मान किंचित हलवत तिने तोंडानेच बोल धरले, डिडल-डाय, डिडल-डम. तिसरा फेर, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

डेर्व्हलाचे डोळे भरून आले. "नोनी, मी टेप सुरू करायलाच विसरले! परत म्हणाल?"

"बघा! इतकी वर्षं कुणी एकदा म्हण म्हणालं नाही, आणि हिला दोनदा हवंय!" पण ती म्हणाली. दोनदा काय, चहा गार होईपर्यंत म्हणत राहिली.

मग एकदम थांबून तिने विचारले, "मार्टिननं तिकडे माझं नाव सांगितलं असेल का गं?"

"ठाऊक नाही, नोनी. मला कुठेच सापडलं नाही."

मी तिथेच, हाताच्या अंतरावर पडले होते. मित्रांनो, मी तेव्हा ओरडू शकले असते तर! पण माझ्या खाचांत जे आहे तेवढेच मला बोलता येते.

नोनीने माझ्या काठावरची धूळ पदराने टिपावी तशी एप्रनच्या टोकाने टिपली. म्हणाली, "सांगितलं असणार. गाढव होता तो, पण चोर नव्हता."

पुढच्या संग्रहात धून तीन फेरांची छापली गेली. खाली लिहिले आहे, 'नोनी मॅरिनन, क्लूनीन'. कपाटावरची पेटीही खाली आली. तिचा भाता फाटला होता. डेर्व्हलाने तो सांधून आणला. वाकड्या झालेल्या बोटांनी नोनीने आपली धून वाजवली, अडखळत, मध्येच शिव्या देत. पण पूर्ण वाजवली.

आता मी मऊ कापडात असते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्यावर किटली ठेवू नका. पण तिला पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि विचारा, पुढे कसं होतं म्हणून. आम्ही तबकड्या वाट पाहत पडून राहू शकतो. माणसांना तेवढा वेळ नसतो.