देवघरातली बाटली

रोहण्याच्या नत्थूजींच्या देवघरात बाटली होती. तुमच्या मनात आली ती नव्हे हो! बोटभर उंचीची, रबरी बुचाची, इन्सुलिनची. त्यांची एकुलती पोरगी कोकिळा नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून दोनदा सुई, तीही जन्मभर. बंद केली तर पोरगी हाती लागणार नाही. औषध मात्र थंड ठेवायचं. आता रोहण्यात त्या काळी फ्रीज कोणाकडे असणार? घरात थंड जागा एकच, देवघर. नत्थूजींनी तिथे मातीच्या मडक्यात ओली रेती भरली, तिच्यात बाटली रोवली आणि रोज देवांबरोबर तिलाही हळदकुंकू लावू लागले. पोरीचा जीव जिच्यात आहे तिला देव मानलं, तर त्यात वावगं काय?

माणूस मोठा कडक. गळ्यात माळ, पायात चामडं नाही, टायरच्या चपला. एकदा सिंदीला साडूच्या घरी लग्नाला गेले. मांडवामागे अंड्याची टरफलं दिसली, तसे उपाशीपोटी उठून रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले. साडू अजून धड बोलत नाही. घरची म्हातारी गाय मेली तेव्हा चामड्यासाठी कोणाला हात लावू दिला नाही. वांग्याच्या वावरात खड्डा खणून पुरली आणि दहा दिवस सुतक पाळलं. गाव हसलं. हे म्हणाले, हसू द्या.

पोरगी आपल्यावरच गेली याचा त्यांना भारी अभिमान. आठवीत गेल्यापासून कोकिळेचा नेमच होता. सुई झाली की गोठ्यात जायचं, गायीच्या पायांवर डोकं ठेवायचं, मगच घास. नवी बाटली आली की तिच्यावर कागदाची बारीक पट्टी डिंकाने चिकटवायची आणि ‘श्री’ लिहायचं. नत्थूजी भेटेल त्याला सांगत, अशी भक्तीची पोरगी अख्ख्या आर्वी तालुक्यात दाखवा.

शहाऐंशी साली, पोळा होऊन आठवडा झाला असेल, ते वांगी विकायला आर्वीच्या बाजारात गेले आणि येताना औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदार मधुकरराव ओळखीचे, गप्पिष्ट. नवी बाटली समोर ठेवत त्यांनी खुशखबर दिली. परदेशात म्हणे आता इन्सुलिन जंतूंकडून बनवून घेतात. माणसाच्या पेशीत ते बनवायची जी कृती असते, जनुक म्हणतात तिला, ती जंतूच्या अंगात बसवायची. पुढे सगळं विरजणासारखं. एकाचे कोट्यवधी जंतू होतात आणि सगळे तेच बनवत सुटतात, हुबेहूब माणसाच्या अंगातलं. आपल्याकडे यायला वर्ष-दोन वर्षं लागतील, पण येईल. नत्थूजींना मोठी गंमत वाटली. जंतू आजार देतात एवढंच ते ऐकून होते.

"म्हणजे आता गायी नाई लागणार," मधुकरराव म्हणाले.

"कायले?"

"इन्सुलिनले. हे तुम्ही नेता, ते गायीच्या पोटातल्या गाठीतून काढतात ना. खाटीकखान्यातून आणतात त्या गाठी. हे पाहा, लिहूनच हाय."

त्यांनी बाटलीवरच्या ‘BEEF’ या चार इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. नत्थूजींना इंग्रजी येत नव्हतं. ते त्या बोटाकडेच बघत राहिले.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं, तुम्हाले माहीत हाय," मधुकरराव गडबडले. "तुम्ही कधी विचारलंच नाई."

एसटीत बसल्यावर नत्थूजींना सगळ्याचीच शिसारी आली. सहा वर्षं! दिवसातून दोनदा! तेही आंघोळ करून, सोवळं नेसून, देवासमोर पोरीला बसवून, स्वतःच्या हातांनी. ज्या गायीसाठी सुतक पाळलं तिच्याच जातीच्या पोटातलं काढलेलं त्यांनी देवाशेजारी पुजलं होतं. बाटली खिडकीतून भिरकावून द्यावी म्हणून दोनदा हात खिशात गेला. दोन्ही वेळा तसाच बाहेर आला.

घरी आले ते ओट्यावरच बसून राहिले. दिवस कलला होता, सुईची वेळ होत आली होती. आत बायको मनकर्णा काचेची सिरिंज उकळायला ठेवत होती. नत्थूजींनी मनाशी ठरवून टाकलं, आता हे घरात नको. देव ठेवील तशी राहील पोरगी. ठरवलं खरं, पण आत जाऊन तसं सांगायला ते उठले नाहीत.

मग एक आशा सुचली. जुनी बाटली वेगळी असेल तर? नव्या मालातच घोळ असेल तर? ते लगबगीने देवघरात गेले, मडक्यातली बाटली काढली आणि दुसऱ्या हातातल्या बाटलीशी ताडून पाहू लागले. नव्या बाटलीवर ती चार अक्षरं जिथे होती, नेमकी तिथेच जुन्या बाटलीवर ‘श्री’ची पट्टी होती. त्यांनी ओल्या बोटाने पट्टी चोळली. कागद सुटला. खाली तीच चार अक्षरं.

बाटलीवरचं बाकीचं लेबल उघडंच होतं. झाकलं होतं ते तेवढंच. नत्थूजी भिंतीला टेकून मटकन खाली बसले.

कोकिळा नेहमीसारखी पाट घ्यायला आत आली. बापाच्या बोटाला चिकटलेली पट्टी तिने पाहिली आणि दारातच थांबली.

"कवापासून माहीत हाय तुले?"

"आठवीत असताना शाळेत सरांले अर्थ विचारला, तवापासून."

"अन् गोठ्यात जाऊन पाया पडतेस, ते?"

"माफी मागतो तिची."

"मले काऊन नाई सांगतलं, बाई?"

कोकिळेने खाली पाहिलं. "तुम्ही सुई बंद केली असती, बाबा."

‘नाई केली असती’ हे नत्थूजींच्या अगदी ओठावर आलं. पण समोर देव होते, आणि ओट्यावर बसून काय ठरवलं होतं ते त्यांना चांगलं आठवत होतं. पंधरा वर्षांच्या पोरीने दोन वर्षं आपल्या बापाच्या धर्माला भिऊन काढली होती. त्यांना स्वतःची शिसारी आली. मघाच्या एसटीतल्या शिसारीपेक्षा ही कितीतरी जास्त होती.

मनकर्णेने उकळलेली सिरिंज आणून ठेवली आणि ती परत चुलीकडे गेली.

कोकिळेने पाट मांडला, बाही वर केली.

"आज देता ना, बाबा?"

नत्थूजींनी उठून हात धुतले. बाटली उलटी धरून रोजच्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि सुई दिली. बाटली पुन्हा ओल्या रेतीत रोवली. पट्टी मात्र परत चिकटवली नाही.

मग दोघं गोठ्यात गेले. कोकिळा वाकणार तोच तिला मागे सारून नत्थूजींनी आधी आपलं डोकं गायीच्या पायांवर ठेवलं.