मागच्या सीटवरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी, लहान गाडी आहे. शेवटचा साधा दिवस आठवला की मला बकरी आठवते. त्या दिवशी माझ्या मागच्या सीटवर एक बकरी बसली होती.

माझे मालक बाळ डॉक्टर, गुरांचे. निवृत्त झाले होते, तरी वाडीवरून फोन आला की निघायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या भागोजीची बकरी अडली होती. तिला महाडच्या दवाखान्यात न्यायचे होते.

"डाक्टर, हिला पुढं बसवू का मागं?" भागोजीने विचारले.

"मागे बसव. पुढची जागा आमच्या बाईसाहेबांची. त्यांना कळलं, तर बकरीबरोबर मलाही वाडीवर ठेवतील."

भागोजी हसला. संध्याकाळी बकरीला दोन करडे झाली. डॉक्टरांनी माझी सीट धुतली, आतून फडके फिरवले, दार हळूच लावले. सकाळी ते आलेच नाहीत. रात्री झोपेतच गेले होते.

मी थकले आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पुढे घाटाने माझे ब्रेक खाल्ले, पावसाने पत्रा खाल्ला. कौतुकही झाले. मागची सीट आडवी केली की माझ्यात पेंढ्याचे भारे मावत, एकदा तर वासरूही मावले.

डॉक्टरांच्या मुलीने, इरावतीने, पुण्यात मोठी गाडी घेतली. तिच्यात पाच माणसे ऐसपैस बसतात आणि डिकीत सगळ्यांच्या बॅगा जातात, हे मी नाकारत नाही. पण भागोजीच्या वाडीसारख्या ठिकाणी रस्ता बैलगाडीपुरताच. मोठी गाडी खाली डांबरी रस्त्यावर थांबायची आणि माणसे माझ्यात बसून वर जायची.

कॉलेजात असताना इरावती माझ्याच मागच्या सीटवर बसायची. आई अनुपमाबाईंना मागे बसले की घाटात मळमळे, म्हणून त्या पुढे. इरावती डॉक्टरांच्या पाठीमागे. उंच मुलगी. पाचाडला मावशीकडे जाताना वाटभर कुरकुर करायची, की हा डबा आहे, यात माणसांनी बसू नये. डॉक्टर नुसते "बरं" म्हणायचे.

ते गेल्यावर मी शेडमध्ये उभीच राहिले. बॅटरी उतरली, टपावर कोंबड्या बसू लागल्या. मला विकून टाकावे असे इरावतीने ठरवले. बिरवाडीचा सुशांत बघायला आला. कारखान्यात कामाला जाणारा, शांत माणूस. त्याने दुसरी बॅटरी जोडून दिली आणि गाडी उजेडात घ्यायला सांगितली.

इरावती पहिल्यांदाच पुढे, डॉक्टरांच्या सीटवर बसली. बसताच तिचे गुडघे स्टिअरिंगला लागले. तिने खालचा दांडा ओढला, पण तो गंजून बसला होता. सीट तसूभर मागे सरकेना.

"आई," तिने दारात उभ्या अनुपमाबाईंना विचारले, "बाबा तर माझ्याहून उंच. ते इथे मावायचे कसे?"

"अंग चोरून. तू मागे बसायला लागलीस, तेव्हा त्यांनी सीट पुढे घेतली. तू पुण्याला गेलीस, तर मी म्हटलं, आता तरी मागे घ्या. तर म्हणाले, इरू कधीही येते, तिचे पाय लांब आहेत."

इरावतीने दांड्यावरचा हात काढला. मग खाली उतरून सुशांतला म्हणाली, "तुम्हाला हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही."

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना अधूनमधून पुसा, चालवा, दांड्यांना तेल घाला. आणि मागच्या सीटवर बसलात की एकदा वाकून पाहा, पुढच्याचे गुडघे कुठे आहेत.

सुशांत गेला. अनुपमाबाई आत गेल्या. इरावती माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली, तिच्या जुन्या जागी. तिने दार लावून घेतले, पाय लांब केले आणि समोरच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला पुष्कळ जागा होती."