कै. निवृत्तीरावांचं बाकडं

निवृत्ती खैरनार अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या प्रत्येक भाषणात तोच एक विनोद झाला. तेही बिचारे दर वेळी हसले. मग रिकामपणी कॉलनीमागच्या टेकडीसाठी त्यांनी 'टेकडी बचाव समिती' काढली. अध्यक्ष तेच, चिटणीसही तेच. सभेला चार डोकी दिसावीत म्हणून बायकोला, लताबाईंना, चहा घेऊन तिथेच बसावं लागे.

प्रश्न मात्र खरा होता. एका बिल्डरला आपल्या नव्या बंगल्यांसाठी टेकडीच्या पायथ्यातून रस्ता काढायचा होता, आणि वर जाणारी एकुलती एक पायवाट त्यात गडप होणार होती. समितीच्या तक्रारीचा निकाल लागायचा होता. तोवर इथे लोकांचा वावर आहे हे दिसावं, म्हणून वाटेवर बाकडी बसवायचं ठरलं. वर्गणी मागायला गेलं की लोक विचारत, "कोणत्या मंडळाचा गणपती?" शेवटी बाकड्यावर देणगीदाराचं नाव घालायची शक्कल निवृत्तीरावांनी काढली आणि पाकिटं आपोआप उघडली.

पहिलं बाकडं पायवाटेच्या तोंडाशी, दोन खडकांच्या मध्ये बसलं. माणूस बाजूने जाईल, पण ट्रॅक्टर नाही, अशी ती जागा. त्यावर नाव अर्थातच निवृत्तीरावांचं. आपल्याला नावाचा मोह नाही, असं त्यांनी लताबाईंना दोनदा ऐकवलं. लताबाईंनी विचारलं एकदाही नव्हतं.

नावं रंगवायला त्र्यंबकचा देवराम पेंटर आला. धर्मशाळांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेलेली. संध्याकाळी सगळे पाहायला गेले, तर प्रत्येक नावाआधी ठसठशीत 'कै.'

"बाकड्यावर नाव म्हटल्यावर माणूस गेलेलाच असतो, साहेब," देवराम शांतपणे म्हणाला. "जित्या माणसाचं कोण टाकतं?"

देणगीदारांनी तिथल्या तिथे आपापली नावं खरवडून काढली. लताबाईंनी कपाळाच्या कुंकवाला हात लावला आणि दोन दिवस अबोला धरला. निवृत्तीरावांनी मात्र आपलं नाव तसंच ठेवलं. अक्षर असं सुरेख उतरलं होतं की 'कै.' खरवडताना शेजारच्या 'नि'ला धक्का लागेल, या भीतीने त्यांचा हातच उचलेना. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे तर त्यांनी जीवच देऊन टाकला होता.

निकालाची वाट न पाहता एका सकाळी बिल्डरचा मुकादम सहादू ट्रॅक्टर आणि माणसं घेऊन आला. वरची बिननावाची बाकडी त्याने माणसांकरवी भराभर खाली आणवून ट्रॉलीत टाकली. निवृत्तीराव आणि लताबाई धावत पोचले, तेव्हा तो पहिल्या बाकड्यापुढे चप्पल काढून उभा होता.

"मयताचं हाय का?" त्याने विचारलं. "मंग मी नाय हात लावायचा. तुमचे कोण?"

निवृत्तीरावांचा हात छातीकडे जाऊ लागला. तो मीच, हे सांगायची एवढी नामी संधी पुन्हा कधी येणार होती?

"माझे थोरले दीर," लताबाई मध्येच म्हणाल्या. "हे त्यांचे धाकटे भाऊ."

"कसे होते?"

"बोलायचे फार. नावाची हौस भारी. पण गुडघे दुखत असताना उन्हाळाभर कळशीने पाणी आणून वरची झाडं त्यांनी एकट्याने जगवली. तसं माणूस मी नाही पाहिलं."

सहादूने बाकड्याला हात जोडले आणि ट्रॅक्टर मागे घेतला. पुढे निकाल समितीच्या बाजूने लागला, पायवाट वाचली. पण त्या क्षणी निवृत्तीरावांना ट्रॅक्टर दिसतच नव्हता. छत्तीस गुण जुळलेल्या संसारात हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते आपल्याच बाकड्यावर टेकले.

"ते 'तसं माणूस नाही पाहिलं'," त्यांनी हळूच विचारलं, "खरं बोललीस?"

"हो."

"मग इतकी वर्षं कधी म्हणाली नाहीस."

"जिवंत माणसाला तोंडावर असं सांगत नाहीत," लताबाई त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या. "डोक्यावर बसतो."