फुलदाणीची पाठ

"सर्रकन निघाला! बघा, सगळ्यांनी बघा!" कारभारी हूंनी कागदाचा कपटा वर धरला आणि चिनी मातीच्या कारखान्याच्या अंगणात सगळ्यांचे हात थांबले.

बादशहाच्या बंद पालखीत आतल्या भिंतीवर टांगायची फुलदाणी ती. पुढून फुगीर, मागून सपाट, मधोमध उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखी. राजधानीला पाठवायच्या आधी ती फळीवर टांगतात आणि मागे कागद सरकवतात. कागद अडकला तर पाठ नीट बसली. सहज निघाला तर फुलदाणी वाटेत खडखडणार. खडखडणारी फुलदाणी पुढे जात नाही, इथेच फोडतात.

पुढची बाजू लो चिताऱ्याची. गुलाबी पिओनीची फुलं, पाकळीगणिक रंग निराळा. चिताऱ्यांचे रंग मीच खलते, म्हणून सांगते, तसा गुलाबी मी जन्मात पाहिला नव्हता. आणि पाठ आमच्या ह्यांची. आमचे हे, दफू, आयुष्यभर पाठीच करत आले. ह्या खेपेची तर अशी नितळ, की हात फिरवावा आणि फिरवतच राहावा. पण ती बघणार कोण? भिंत! मी चिडवायची, "तुमच्या कामाला भिंतीशिवाय गिऱ्हाईक नाही हो."

हूंनी फुलदाणी उलटी केली. पाठीवर हिरवे थेंब टणक होऊन बसले होते. लोनं कडेच्या पानांवर हिरव्याचा आणखी एक थर चढवला होता, तो भट्टीत वितळून मागे ओघळला होता.

"ही कुणाची करणी? परवा राजधानीची नाव सुटतेय!" हू गरजले.

लोचं तोंड पांढरंफटक पडलं. चूक त्याची ठरली तर त्याच्या हातातला कुंचला कायमचा जाणार होता. मी तोंड उघडणार, तोच हे पुढे झाले.

"पाठ माझी आहे, साहेब. उद्या संध्याकाळपर्यंत घासून सपाट करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना मी लाकडांच्या ढिगाआड ओढलं. "डोकं फिरलंय का तुमचं? थेंबांबरोबर तुमची झिलईपण जाईल. सगळी खरबरीत होईल. अशी पाठ ह्या वयात परत जमणार आहे का?"

"नाही जमायची."

"मग फुटू दे की! चूक त्याची आणि निस्तरायचं तुम्ही?"

"अगं, तू बघितलीस ना ती फुलं?"

बघितली होती ना!

दगड लावला तर टवका उडेल, म्हणून बोटांना कातडं गुंडाळून ओल्या बारीक वाळूनं हे घासायला बसले. लोनं मांडीवर गोधडी घेतली आणि फुलदाणी पालथी धरली. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले, तर कातडं कधीच झिजलं होतं आणि वाळू लाल दिसत होती.

"दादा, बस करा. मी जाऊन सांगतो हूंना, चूक माझीय म्हणून."

"सांग की. नाव सुटल्यावर सांग. आत्ता नीट धर, हलू नकोस."

लोनं पकड घट्ट केली. त्याची फुलं खाली गोधडीत होती आणि डोळ्यांपुढे फक्त पाठ. कोपऱ्यात अजून न घासलेला थोडा भाग शिल्लक होता, त्यावरून त्यानं हळूच बोट फिरवलं.

"काय सुरेख केली होती हो तुम्ही," तो म्हणाला.

ह्यांनी वर पाहिलं नाही. तो कोपराही घासून काढला.

संध्याकाळी हूंनी कागद ओढला, पुन्हा ओढला. कागद फाटला, पण निघाला नाही. सगळे फुलांभोवती गोळा झाले. वाहवा, लो उस्ताद, काय हात आहे! लो मान खाली घालून उभा होता. हे हात धुऊन घरी निघाले.

रात्री जेवायला भात आणि बांबूचे कोंब केले होते. ह्यांच्या हातातून जेवायच्या काड्या निसटल्या. परत धरल्या, परत निसटल्या. बोटांवर कातडीच राहिली नव्हती. मी काड्या उचलल्या, त्यांच्या शेजारी बसले आणि भरवायला लागले. इतक्या वर्षांत जे मी कधी बोलले नव्हते ते मग बोलून टाकलं.

"तशी पाठ आख्ख्या गावात कुणी केली नव्हती."

ते शांतपणे चावत होते. घास गिळून झाला.

"ठाऊक आहे मला," म्हणाले आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.