चाकामागचा ठोकळा

खरं सांगा, भरवसा कोणावर ठेवता तुम्ही? जुन्या ओळखीवर, गोड बोलण्यावर, की कागदावरच्या खुणेवर? उत्तराची घाई नको. आधी माझं ऐका. मी चाकामागचा लाकडी ठोकळा बोलतोय.

दिसायला मी काही विशेष नाही. वीतभर उंच, एका अंगानं उतरता, पाठीत हातभर लांब दांडा. दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून एका सुतारानं मला काढलं. "फळी व्हायला जाड, खांब व्हायला आखूड. तू आपला चाकामागं बस," म्हणाला.

आमच्या घाटात दरवर्षी जुन्या शर्यतीच्या गाड्या चढवण्याची स्पर्धा व्हायची. गाड्या साठ-सत्तर वर्षांच्या, चालवणारेही बहुतेक त्याच वयाचे. एका वेळी एकच गाडी सुटायची; झुंज असायची ती घड्याळाशी. सुटायची रेघच मुळी चढावर, म्हणून गाडी मागं घसरू नये यासाठी मागच्या चाकाखाली मी. गाडी सुटली की तोच सुतार दांडा धरून मला ओढून घ्यायचा.

वजनाच्या बाबतीत मला कोणी फसवलेलं नाही. तराजूत पासंग निघेल, माझ्यात नाही. एका बड्या असामीनं गाडी हलकी व्हावी म्हणून गादी काढली, आरसा काढला, दाराची कडीसुद्धा काढली. सुतार म्हणाला, "सगळं काढलं, मालकाचं पोट तेवढं राहिलं." चाकाखाली मी होतो, मला विचारा.

पण माझा जीव होता एका लाल, एकालाच बसता येईल अशा गाडीवर. ती चालवायचे औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांचा मेहुणा गाडीचा मिस्त्री. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा घाट त्यांना दाजी म्हणायचा.

"दाजी, बहीण दिली, आता गाडीही तुमच्याच हातात दिली. दोन्ही जपून चालवा."

"तुझी बहीण मी चालवतो होय? तीच चालवते मला."

दाजींची एक सवय होती. निशाण पडेपर्यंत त्यांचा पाय ब्रेकवर असायचा. बाकीचे सगळा भार माझ्यावर टाकून मोकळे व्हायचे. दाजींच्या गाडीचा भार मला जेमतेम जाणवायचा.

त्या वर्षी त्यांचे डोळे साथ देईनात. हे शेवटचं, असं ते घरी कबूल करून आले होते.

सकाळी तपासनिसाच्या टेबलावर वारा सुटलेला, म्हणून कागदांवर वजन म्हणून मला ठेवलेलं. प्रत्येक गाडीला एक कागद: चाकं, सुकाणू, ब्रेक. नियम असा, की तपासनिसानं स्वतः बघायचं आणि मगच खूण करायची. पण मिस्त्रीचा हात वीस वर्षांच्या ओळखीचा. "तुझं काय बघायचं? तूच कर खुणा," म्हणून तपासनिसानं पेन पुढं सरकवलं.

मिस्त्री भराभर खुणा करत गेला. ब्रेकच्या ओळीवर पेन थांबलं. ब्रेकच्या पंपातला रबरी वॉशर झिजला होता. नवा मागवलेला आला नव्हता. जुनाच पुसून परत बसवला होता. तसं लिहिलं तर गाडी परत जाणार, आणि दाजींचं शेवटचं वर्ष वाया.

"चढावर ब्रेक कशाला लागतो?" तो पुटपुटला. घाटातला जुना विनोद, सगळेच करायचे. त्यानं खूण केली. माझ्या अगदी पोटाखाली.

दुपारी लाल गाडी रेघेवर आली. दाजींचा पाय नेहमीसारखा ब्रेकवर. तरी तिचा भार हळूहळू माझ्यावर येत गेला, येतच गेला, सगळा आला. मी करकरलो.

"लाकूड सुकलंय," सुतार म्हणाला.

निशाण पडलं. दाजींनी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली. भोंग्यावर आकडा पुकारला तेव्हा मिस्त्रीनं सुताराला मिठी मारली.

चढलेल्या गाड्या त्याच रस्त्यानं खाली येतात. झिजलेला वॉशर एका दणक्याला धरतो, पण पाय दाबून ठेवला की सोडून देतो. आणि उतारावर पाय दाबूनच ठेवावा लागतो. शेवटच्या वळणावर दोन्ही बाजूंना माणसं टाळ्या वाजवत उभी. दाजींनी गाडी माणसांकडं येऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घातली. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते.

गाड्या सुटून झाल्या होत्या, मी परत टेबलावरच्या कागदांवर होतो. दाजींची बायको, मिस्त्रीची ताई, दुकानातून तशीच आली. रडली नाही. भावाला एवढंच विचारलं, "तू ब्रेक बघितला होतास ना रे?"

तो टेबलाकडं बघत राहिला. "तपासला होता, ताई. कागदावर आहे."

तपासनिसाचीही मान त्यात अडकलेली. त्यानं लगबगीनं मला उचललं आणि खालचा कागद काढून दिला. ताईनं त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मग तुझा काय दोष?"

स्पर्धा बंद पडली. सुतारानं आठवण म्हणून मला ताईला दिलं. आता मी औषधांच्या दुकानाचं दार अडवून बसतो. चढाव नाही, भार नाही. फरशी पुसताना तेवढं पाणी लागतं आणि खालून कुजायला लागलोय.

मिस्त्रीनं पाने-हातोडे सोडले. तो बहिणीला दुकानात मदत करतो. आठवड्याला बाटल्यांच्या तारखा बघून यादीत खुणा करायच्या, हे त्याचं काम. एकेक बाटली उजेडात धरतो, खाली ठेवतो, पुन्हा धरतो. पेन टेकत नाही.

"अरे, किती बघशील?" ताई म्हणते. "तुझ्यावर माझा भरवसा आहे. कर खूण."

तो दाराकडं बघतो. मी खाली बसलेला असतो.

त्या दिवशी ती एक जागा कोरी राहिली असती, तर फार तर गाडी घरी परतली असती. दाजीही तिच्याबरोबर परतले असते. म्हणून सांगतो, तुमची वही कसलीही असो, हिशेब खरा मांडा. हाताला लागलं तेवढंच लिहा, आणि जे बघितलं नाही, तिथली जागा कोरी सोडा.