भिंतीवरचे बासष्ट

सुमित्राबाईने चपला काढल्या, गिरणीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या वजनकाट्यावर चढली आणि नेहमीसारखी दांडीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे गिरणीवाल्या नामदेवने दांडीवरचं वजन जरासं सरकवून पाहिलं, "बासष्ट" म्हणाला आणि चक्कीकडे वळला.

"लिव ना," ती म्हणाली.

"काय लिवायचं, वयनी? मागच्या शनवारी तेच, त्याच्या आदल्या शनवारी पन तेच."

"म्हनून काय झालं? लिव."

नामदेवने खिडकीतला खडू उचलला आणि भिंतीवर शेवटच्या बासष्टखाली आणखी एक बासष्ट काढला. हात झटकत त्याने विचारलं, हे असं कवापर्यंत लिवायचं? प्रश्न काही वाकडा नव्हता. चौऱ्याऐंशी किलोंवरून बासष्टवर यायचं होतं, ती आली होती, आता लिहायचं ते काय? तिने चपला घातल्या आणि दळणाचा डबा कडेवर घेऊन ती घरी गेली.

शिरवण्यात भात पिकत होतं तेव्हा याच काट्यावर पोती चढायची. मग खाडीकाठची खाजणं गेली, शेतं गेली, तिकडे नव्या शहराचे रस्ते आखले गेले आणि भाताच्या गिरणीत दुकानातून आणलेले गहू दळले जाऊ लागले. डबे तोलायला गल्ल्याजवळचा छोटा काटा पुरत होता. मोठ्या काट्यावर आता आठवड्यातून एकदा एकच पोतं चढतं, असं नामदेव म्हणायचा, आणि सुमित्राबाईही हसायची.

पोतं तिचं तिलाच ठाऊक होतं. शेत होतं तोवर लावणी, कापणी, मिठागरातल्या पाट्या यांत दिवस जायचा आणि पानात पडेल ते जिरून जायचं. जमीन गेली, तिचे पैसे आले, नवरा गोटीराम ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत वॉचमन झाला. सुमित्राबाईचं काम गेलं, ताट मात्र तेवढंच राहिलं. दहा वर्षांत तिचं अंग असं सुटलं की तिचे जुने पाट तिला पुरेनात.

पाटाचा प्रश्न साधा नव्हता. सुमित्राबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला धवले गायचे ते तिने, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय पुढचं पान हलत नसे. सासूकडून आलेली विद्या होती ती. शिरवणे, सारसोळे, करावे, कुठेही मांडव पडला की पहिलं बोलावणं तिला आणि तिची जोडीदारीण यशोदाबाईला जायचं. मांडवात खाली बसायचं, उठायचं, नवरीभोवती फिरायचं, पुन्हा बसायचं. दोन वर्षांमागे सारसोळ्याच्या एका हळदीत ती बसली ती उठेचना. गुडघे ऐकेनात. शेवटी दोन पोरांनी दोन्ही दंडांना धरून तिला वर ओढली, आणि बँडवाल्यांपैकी कोणीतरी म्हणाला, एमआयडीसीतून क्रेन मागवा. सगळा मांडव हसला. तीही हसली. घरी येऊन मात्र ती दार लावून रडली, आणि चार लग्नांना तिने तब्येतीचं कारण सांगून नकार कळवला. गाणं सुटतं की काय, या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, बासष्टवर या, गुडघे अजून वीस वर्षं तुम्हाला मांडवात नेतील. नाहीतर दोन वर्षांत काठी. सुमित्राबाईने निश्चय केला तो तिथल्या बाकावरच. त्या शनिवारी ती गिरणीत गेली. आकडा बघायचा धीर नव्हता म्हणून तिने दांडीकडे पाठ केली. नामदेवने चौऱ्याऐंशी वाचला आणि भिंतीवर लिहिला.

पुढचे चौदा महिने भिंतीवर होते. साडेत्र्याऐंशी, त्र्याऐंशी, शिमग्यात पुन्हा चौऱ्याऐंशी, मग हळूहळू, कुरकुरत का होईना, आकडे उतरत गेलेले. त्यांच्या तीन उभ्या रांगा झाल्या होत्या. ते दिवस कठीण होते, पण त्यांत मजा होती. आकडा उतरला की नामदेव चक्की बंद करून ओरडून सांगायचा. दळणाला आलेल्या बायका तिचे दंड चाचपायच्या. गोटीराम ड्यूटीवरून आला की चहाच्या आधी 'किती?' विचारायचा. आणि सारसोळ्यातच एका लग्नात, त्याच बँडवाल्यांसमोर, ती पाटावरून हात न टेकता उठली. त्या दिवशी तिने स्वतःपुरता नेम केला की यापुढे उठताना जमिनीला हात लावायचा नाही.

मग बासष्ट आलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, आता इथेच राहायचं. कसं राहायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

आता कोणी विचारत नव्हतं. गोटीराम घरी आला की चहा मागायचा. दळणाच्या बायकांना नवे विषय मिळाले होते, आणि ज्यांना नव्हते त्या, सासू वाळली गो तुजी, दुखनं लागलं का, म्हणून तिच्या सुनेला बाजूला घेऊन विचारायच्या. सुमित्राबाई दुपारी तांदळाची भाकरी मोडायची, अर्धी खायची आणि अर्धी टोपलीत ठेवायची. ती अर्धी भाकरी दिवसभर तिच्याकडे बघत बसायची. पूर्वी ती अशी भाकरीवर रागवत नसे, कारण शनिवारी त्या अर्ध्या भाकरीचं काहीतरी भिंतीवर उमटायचं. आता उमटायचं ते बासष्ट. एकदा तर ती मोठ्याने म्हणाली, मी काय आता मरेपर्यंत अर्धीच खाऊ? घरात कोणी नव्हतं. तिने टोपलीवर ताट झाकलं आणि ती अंगणात जाऊन भांडी घासत बसली.

त्यात लग्नसराई आली. त्या वर्षी चैत्रापासूनच मांडव पडले. धवलारीण उपाशी गेली तर लग्नाला उणं येतं, असं घराघरातल्या बायका मानत, त्यामुळे तिचं पान आधी वाढलं जाई आणि वाढणारी समोर बसून राही. वडे, मटण, वर बुंदी. पहिल्या लग्नात सुमित्राबाईने एक वडा खाल्ला आणि शनिवारपर्यंत तिच्या जिवाला चैन पडलं नाही. शनिवारी ती काट्यावर चढली. बासष्ट. दुसऱ्या आठवड्यात दोन वडे झाले, मूठभर बुंदीही झाली. तरी बासष्ट. नामदेव आता कुरकुर न करता लिहीत होता, उलट तिची दुसरी चप्पल निघायच्या आत खडू त्याच्या हातात असायचा. सुमित्राबाईला हायसं वाटलं. अंगाला एकदाची सवय लागली, असं तिने यशोदाबाईला सांगितलंही. यशोदाबाई म्हणाली, मंग खा की. स्वतः यशोदाबाई तिच्या दीडपट होती आणि एकटीनेच जाड राहायचा तिला कंटाळा आला होता.

टोपलीतली अर्धी भाकरी आता संध्याकाळी चहाबरोबर जाऊ लागली. भिंत बासष्ट म्हणत होती, मग अडवणार कोण?

वैशाख संपता संपता करावे गावात एक लग्न होतं. सकाळीच मांडवाची जमीन शेणाने सारवली होती आणि ती पुरती वाळली नव्हती. सुमित्राबाई आणि यशोदाबाई समोरासमोर पाटांवर बसल्या. नवरीला हळद लागली, धवले झाले, सुमित्राबाईचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मागच्या बायका बोलायच्या थांबल्या. मग सगळे नवरीला न्हाऊ घालायला उठले. सुमित्राबाईही उठली, चार पावलं गेली आणि पाटाशी राहिलेली सुपारीची पिशवी घ्यायला मागे वळली.

पाटाच्या उजव्या बाजूला ओल्या सारवणावर एक पंजा उमटला होता. खोल उमटला होता, सगळा भार त्याच्यावर पडल्यासारखा. चौथं बोट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं. मिठागरात पाटीखाली सापडून तिचं ते बोट मोडलं त्याला वीस वर्षं झाली होती. तरी तिने आपला हात उलटा करून पाहिला. तळव्याला शेण होतं.

हात केव्हा टेकला हे तिला आठवत नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

"काय गो, चल ना," यशोदाबाईने पुढून हाक मारली.

सुमित्राबाईने पायाने तो पंजा पुसून टाकला आणि ती पुढे गेली. न्हाणं झालं, धवले झाले, पान वाढलं गेलं. त्या दिवशी तिने वड्याला हात लावला नाही. वाढणारीने आग्रह केला, मग रुसून पाहिलं. सुमित्राबाईने वरणभात कालवला आणि म्हणाली, माज्यामुळं लग्नाला काय उनं येनार नाय, मी पोटभर गायलेय.

घरी तिने गोटीरामला काही सांगितलं नाही. पंजाची गोष्ट तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती आणि गिरणीच्या भिंतीवर सरळ बासष्ट उभे होते. शनिवारी नेहमीसारखं पाठ करून उभं राहिलं असतं तर आणखी एक मिळाला असता. दोन दिवस हा विचार तिच्या मनात येत-जात राहिला. तिला त्याची लाज वाटली, पण तो येत राहिला एवढं खरं.

शनिवारी ती गिरणीत गेली तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. नामदेव पट्ट्याला तेल घालत होता. तिने चपला काढल्या आणि या वेळी दांडीकडे तोंड करून काट्यावर चढली.

दांडी वर जाऊन आदळली आणि तिथेच चिकटून राहिली. सरकतं वजन बासष्टच्या खुणेवर होतं. त्याच्यावर आणि दांडीवर पिठाचा एक सलग थर बसला होता. त्या थरावर बोट लागल्याची खूण कुठेही नव्हती.

नामदेव तेलाची बाटली हातात धरून उभा होता.

"भावजी, हे कवापासून हाललं नाय?"

नामदेवने बाटली खाली ठेवली. आधी म्हणाला, तसं नाय. मग म्हणाला, "तेच असायचं ना वयनी रोज. मी म्हटलं, तेच असनार. आनि तुला बरं वाटायचं."

सुमित्राबाईला इतका राग आला की तिचे कान तापले. या माणसाने पोत्यांची वजनं केली तेव्हा अर्धा शेर इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, गावात त्याच्या काट्याची शपथ घेत असत. आणि तिच्या वेळी त्याला बोट हलवायचा कंटाळा आला. बोलायला तिने तोंड उघडलंही. पण दांडीकडे पाठ करून उभं राहायला तिला नामदेवने सांगितलं नव्हतं. एवढ्या शनिवारांत एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं. वडे तर कोणी तिच्या तोंडात कोंबले नव्हते.

तिने हात पुढे करून वजन सरकवायला सुरुवात केली. पिठाच्या थरात बोटांचे ठसे उठले. त्रेसष्ट, चौसष्ट. दांडी वरच. पासष्टला जराशी हलली. साडेपासष्टला सुटली, खालीवर झाली आणि मधोमध थांबली. सुमित्राबाईने हात काढून घेतला आणि दांडी खरंच थांबली आहे याची खात्री होईपर्यंत ती श्वास धरून उभी राहिली.

खाली उतरून ती भिंतीजवळ गेली. तिसऱ्या रांगेच्या तळाशी बासष्ट एकाखाली एक लागले होते.

"यातला खरा कितवा?"

नामदेव पुढे आला. त्याने वाकून वरून मोजलं, एकदा चुकला, पुन्हा मोजलं आणि एका बासष्टवर बोट ठेवलं. त्याच्याखाली सहा होते. सुमित्राबाईने पदराचा सोगा तोंडातल्या थुंकीने ओला केला आणि एकेक करत सहाही पुसले. खडू भिजून भिंतीवर राखाडी पट्टा राहिला. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. तिने खिडकीतून खडू घेतला आणि त्या पट्ट्यावर, खऱ्या बासष्टच्या खाली, साडेपासष्ट लिहिला. तिचा आकडा नामदेवच्या आकड्यांपेक्षा मोठा आणि वाकडा झाला.

"पुढच्या शनवारपासून वजन मी सरकवनार," ती म्हणाली. "तू बाजूला उभा राहून वाच. खोटं वाचलंस तर माज्या डोळ्यासमोरच हाय."

नामदेवने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला होता. जरा वेळाने त्यानेच, चूक भरून काढावी तसं, हळूच विचारलं, "परत बासष्ट आलं की मंग बंद करायचं ना?"

सुमित्राबाईने भिंतीकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेचा पुसलेला पट्टा खाली पोत्यांच्या ढिगाला जाऊन टेकला होता. भात होतं तेव्हाची रिकामी गोणपाटं घड्या घालून तिथे रचून ठेवली होती, भिंतीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, कमरेइतकी उंच. दहा वर्षांत ती कोणी हलवली नव्हती.

"सारसोळ्याला दुपारी हळद हाय, मला घाई हाय," ती म्हणाली आणि तिने पदर कमरेला खोचला. "ही पोती काढ भावजी. भिंत लागनार हाय मला."

"किती?"

"सगळी."

नामदेवने एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या बाजूने. धूळ उडाली, दोघं खोकली, एक उंदीर चक्कीखाली पळाला. ढीग दारापर्यंत ओढून झाला तेव्हा तिने कपाळ पुसलं आणि मागे वळून पाहिलं. गोणपाटांमागची भिंत जमिनीपर्यंत कोरी होती.